दिसलं ते आणि वाटलं ते

तंजावरच्या बाजारात एक बाहुली मिळते. राजा-राणीच्या जोडीने येणारी, भडक रंगांत रंगवलेली, बुडाशी गोल. तिला बोटाने ढकललं की ती आडवी होते आणि बोट काढलं की डुलत डुलत पुन्हा उभी राहते. तमिळमध्ये तिला ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणतात. म्हणजे मान डोलावणारी बाहुली. खेळणं म्हणून ती छान आहेच, पण विज्ञानाच्या तासालाही तिच्यासारखा स्वस्त आणि मस्त मदतनीस शोधून सापडायचा नाही.

ही बाहुली वर्गात टेबलावर ठेवावी, चार वेळा ढकलून दाखवावी आणि मुलांना म्हणावं, “काय पाहिलंत ते एकेका वाक्यात सांगा.” उत्तरं धडाधड येतील. ‘ती कधीच पडत नाही.’ ‘तिच्या बुडात शिसं भरलंय.’ ‘आत स्प्रिंग आहे.’ ‘खाली लोहचुंबक आहे.’ ‘तिचं बूड गोल आहे.’ सगळी उत्तरं फळ्यावर लिहून घ्यावीत आणि मग विचारावं, “आता सांगा, यातलं डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं?”

इथे वर्ग जरा विचारात पडतो. शिसं कुणीच पाहिलेलं नाही. स्प्रिंग आणि लोहचुंबकही नाही. बूड गोल आहे हे मात्र सगळ्यांना दिसतंय. आणि ‘कधीच पडत नाही’ याचं काय? पाहिलं ते एवढंच, की बाहुली चार वेळा ढकलली आणि चारही वेळा ती उभी राहिली. ‘कधीच’ हा शब्द मनाने पदरचा घातला.

मग फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारायची. डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान. डावीकडे डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, हातांनी चाचपलेलं, पट्टीने किंवा काट्याने मोजलेलं. उजवीकडे त्यावरून मनाने काढलेलं. विज्ञान शिकवायचं म्हणजे आधी ही रेघ मारायला शिकवायची. सूत्रं आणि व्याख्या त्यानंतर.

हे दोन शब्द आपल्या मुलांना अनोळखी नाहीत. शाळेच्या प्रयोगवहीत ते पिढ्यान् पिढ्या छापलेले आहेत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. पण कितीतरी वह्यांत निरीक्षणाचा रकाना प्रयोगाच्या आदल्या रात्रीच भरून तयार असतो, गाइडात पाहून. नळीतून चुन्याच्या निवळीत फुंकर मारली आणि ‘काय झालं’ असं विचारलं, की मुलं म्हणतात, ‘कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला.’ हा वायू दिसत नाही. दिसली ती निवळी, पाण्यासारखी होती ती दुधाळ झाली. दुधाळ झाली हे निरीक्षण. श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे हे अनुमान. परीक्षेत दोन्हींचे गुण मिळतात, त्यामुळे कुठलं कुठे लिहिलं याची फारशी कुणी फिकीर करत नाही.

खरं तर हा भेद आपल्याकडे फार जुना. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान ही ज्ञानाची दोन वेगवेगळी साधनं मानली. डोंगरावर धूर दिसतो आहे, म्हणजे तिथे विस्तव असला पाहिजे, हे त्या शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण. धूर दिसला हे प्रत्यक्ष, विस्तव आहे हे अनुमान. त्या पंडितांनी पुढची शंकाही काढून ठेवली होती. ज्याला धूर समजलो ती वाफ असली तर?

अनुमान म्हणजे थाप नव्हे, हेही मुलांना त्याच तासाला सांगायला हवं. अनुमान काढल्याशिवाय विज्ञान एक पाऊल पुढे जात नाही. बाहुली न फोडता तिच्या पोटातलं ओळखायचं तर अनुमानच करावं लागतं. फक्त ते तपासायचं कसं, हे शोधायला हवं. लोहचुंबक असेल तर बाहुलीजवळ होकायंत्र नेल्यावर सुई हलेल. स्प्रिंग असेल तर कानाशी धरून हलवल्यावर कदाचित आवाज येईल. बुडात वजन असेल तर बाहुलीच्या कमरेला दोरी बांधून ती आडवी टांगली की बूड खाली झुकेल. ज्या मुलाचं उत्तर चुकेल त्याला हसायचं नाही. त्याने चाचणी सुचवली असेल तर त्याचं कौतुकच करायचं. पृथ्वीच्या पोटातला गाभा तरी कुणी डोळ्यांनी पाहिला आहे? भूकंपाच्या लहरी कुठे किती वेळाने पोचल्या याच्या नोंदींवरूनच तो ओळखला गेला.

मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा भर नेमका यावरच होता. खेड्यातल्या साध्या सरकारी शाळांत मुलं स्वतः प्रयोग करायची, जे दिसलं ते वहीत लिहायची आणि त्याचा अर्थ वर्गात चर्चा करून ठरवायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. तीस वर्षं चालून २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. मात्र त्यातून घडलेले शिक्षक आणि पुस्तकं मागे राहिली.

हा धडा शिकायला तंजावरसारखं दुसरं गाव नाही. बाहुली झाली, आता देऊळ पाहू.

राजराज चोळाने बांधलेलं बृहदीश्वराचं मंदिर १०१० च्या सुमारास पुरं झालं. मराठी माणसाला त्याचं आणखी एक अप्रूप. भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा भलामोठा मराठी शिलालेख याच मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे. या मंदिराच्या गाभाऱ्यावरच्या शिखराला तिकडे विमान म्हणतात. ते २०० फुटांहून उंच आहे. त्याच्याबद्दल एक गोष्ट देशभर सांगितली जाते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ती छापली जाते, हल्ली मोबाइलवरही फिरते. गोष्ट अशी, की या शिखराची सावली कधी जमिनीवर पडतच नाही.

ही गोष्ट तपासायला दुर्बीण लागत नाही. सकाळी नऊच्या सुमाराला शिखराच्या पश्चिमेकडच्या अंगणात उभं राहिलं तरी पुरतं. फरसबंदीवर शिखराची लांबलचक सावली पडलेली असते. कुणी त्या सावलीत बसलेलंही असेल. दुपार कलली की तीच सावली पूर्वेकडे जाते. ऊन आहे, भिंत आहे, तर सावली पडणारच.

मग एवढ्या लोकांना वेगळं का वाटलं? इथे थोडं गणित करून पाहू. तंजावर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेअकरा अंशांवर आहे. त्यामुळे १८ एप्रिल आणि २५ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य तिथे अगदी डोक्यावर येतो. पुण्याला १३ मेच्या सुमाराला येतो, ज्याला आपल्याकडे शून्य सावली दिवस म्हणतात, तसंच. शिखराचा पाया सुमारे ३० मीटर लांब-रुंद आहे आणि ते वर निमुळतं होत गेलं आहे. हिशेब मांडला तर असं दिसतं, की मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, ऐन मध्यान्हीच्या थोड्या वेळात, शिखराची सावली बहुतेक त्याच्या स्वतःच्या पायावरच मावते. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा ती पायाच्या उत्तरेला सुमारे २५ मीटर लांब जाऊन पडते.

म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत बाराच्या ठोक्याला आलेल्या यात्रेकरूला सावली दिसली नसेल, तर त्याचं निरीक्षण खरंच होतं. चूक झाली ती पुढे. ‘आज, या वेळी, मला दिसली नाही’ यातले पहिले दोन शब्द गळाले आणि ‘कधीच पडत नाही’ एवढंच उरलं. अर्थात दंतकथा अशीच जन्मली असेल हेसुद्धा एक अनुमानच आहे. त्याची जागा उजव्या रकान्यातच.

शिखराच्या माथ्यावरचा दगड अखंड आहे आणि त्याचं वजन ८० टन आहे, असंही सांगतात. हा आकडा ऐकणाऱ्या मुलाने एक साधा प्रश्न विचारावा. तो काट्यावर कुणी ठेवला होता? वजन आकारमानावरून काढलं असेल तर ते अनुमान झालं, आणि अनुमान किती पक्कं हे मापं किती पक्की यावर ठरतं. अखंड आहे की सांधलेला, हे खालून मान वर करून सांगता येत नाही. यामुळे राजराजाच्या कारागिरांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. हजार वर्षं उभं असलेलं शिखर हे कुणालाही दिसणारं निरीक्षण आहे. त्याला दंतकथेच्या टेकूची गरज नाही.

याच देवळावर १८०८ साली आणखी एक प्रसंग घडला. विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण हिंदुस्थानची मोजणी करत होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने काटेकोर मोजली. तिच्या दोन टोकांपासून दूरच्या उंच जागेचे कोन मोजायचे, त्यावरून त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू काढायच्या आणि त्या बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा, अशी ती पद्धत. पण कावेरीचं खोरं सपाट. टेकड्या नाहीत, झाडी दाट. मग उंच जागा म्हणून देवळांची शिखरं आणि गोपुरं कामाला आली.

कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचं होतं. तंजावरच्या शिखरावर ते दोरांनी चढवत असताना एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि कोन मोजायची त्याची मोठी चकती वाकली. लॅम्बटनने स्वतःला तंबूत कोंडून घेतलं. स्क्रू, पाचरी, कप्प्या वापरून, ठोकून ठोकून सुमारे सहा आठवड्यांत त्याने ती चकती मूळ आकारावर आणली आणि मगच काम पुढे सुरू केलं.

तो एवढा का अडून बसला, हे मुलांना जरूर विचारावं. त्याला केवळ गावांमधली अंतरं काढायची नव्हती. पृथ्वी नेमकी किती गोल आहे, ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे या मोजणीतून ठरवायचं होतं. पृथ्वीचा आकार त्याला दिसणार नव्हता. दिसणार होते ते फक्त चकतीवरचे अंश आणि कला. डाव्या रकान्यातला आकडा जरासा जरी चुकला तरी उजव्या रकान्यातली सगळी पृथ्वीच बिघडणार. मोठं अनुमान काढायचं असेल त्याने निरीक्षणात कसूर करून चालत नाही.

लॅम्बटनचा तंबू पडला होता तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे भोसले, म्हणजे दुसरे सरफोजी, होते. शिवाजीमहाराजांचे बंधू व्यंकोजीराजे यांनी उभ्या केलेल्या राज्याचे ते वारस. जन्म १७७७ चा, गादीवर आले १७९८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजांकडे किल्ला आणि आसपासचा थोडका मुलूख राहिला. दुसरा कुणी असता तर ख्यालीखुशालीत रमला असता. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, नव्या विद्येच्या शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला, धन्वंतरी महाल उभारून तिथे औषधांचा अभ्यास चालवला. बिशप हेबर १८२६ मध्ये त्यांना भेटले. लव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ यांच्या ग्रंथांचे दाखले राजे सहज देतात, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे.

कुरवंजी नावाचा एक नाट्यप्रकार तमिळ मुलखात आहे. त्यात कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी बाई येते, हात पाहते आणि पुढे काय घडणार ते सांगते. सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात ही कुरत्ती चक्क जगाचा भूगोल सांगते. ज्या पात्राच्या तोंडी नशीब असायचं, त्याच्या तोंडी राजांनी देश, समुद्र आणि खंडं घातली.

पण आजच्या विषयासाठी सगळ्यात मोलाची आहेत ती सरस्वती महालातली काही जुनी कागदपत्रं. २००३ मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांमुळे त्यांची बरीच चर्चा झाली. डोळ्यांच्या रुग्णांचे ते केसपेपर आहेत, इंग्रजीत लिहिलेले. नुसती हकिकत नाही, तर रुग्णाच्या डोळ्याचं चित्रही काढलेलं. फोटोचा शोध लागून घरोघरी पोचायला अजून बराच अवकाश होता, त्या काळातली ही गोष्ट.

चित्र कशासाठी? रोगाचं नाव लिहिलं की पुरे नव्हतं का? याचं उत्तर समजायला एक उदाहरण घेऊ. म्हातारा माणूस येतो. म्हणतो, दिसत नाही. डोळा पाहिला तर काळ्या भागात पांढरं दिसतं. ‘पांढरं दिसतं’ हे निरीक्षण. ‘मोतीबिंदू आहे’ हे अनुमान. पांढरेपणा आतल्या भिंगात असेल तर तो मोतीबिंदू, आणि भिंग काढलं की माणसाला पुन्हा दिसू शकतं. पण तो समोरच्या पारदर्शक पडद्यावर असेल तर ते आपण ज्याला डोळ्यात फूल पडणं म्हणतो ते. तिथे भिंग काढून काहीच फायदा नाही, उलट चांगलं भिंग मात्र जायचं. शिवाय रुग्णाला दिव्याचा उजेड तरी कळतो का, कुठल्या बाजूने येतो ते सांगता येतं का, हेही पाहायला हवं. उजेडच कळत नसेल तर बिघाड आणखी आत आहे, आणि मोतीबिंदू काढूनही दृष्टी येणार नाही.

वैद्याने नुसतं ‘मोतीबिंदू’ एवढंच लिहिलं, आणि तो चुकला असला, तर ती चूक पुढे कुणालाच सापडणार नाही. चित्र काढून ठेवलं असेल तर दुसरा वैद्य म्हणू शकेल, अहो, हे तर फूल दिसतंय. डावा रकाना जपून ठेवला की उजवा दुरुस्त करता येतो. बाहुलीच्या पोटातलं चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. डोळ्याच्या बाहुलीमागचं चुकलं तर माणूस आंधळा होतो.

इथेही रेघ पाळायला हवी. केसपेपर आहेत, चित्रं आहेत, इंग्रजी मजकूर आहे. हे कुणालाही जाऊन पाहता येण्यासारखं. शस्त्रक्रिया खुद्द राजांनी आपल्या हाताने केल्या, असं पुष्कळ लेखांत लिहिलं जातं आणि मराठी मनाला ते वाचून बरं वाटतं. पण अभ्यासक ‘त्यांनी केल्या असं मानलं जातं’ असं जपून लिहितात. ज्या राजाच्या दफ्तरात अशा नोंदी ठेवल्या गेल्या, त्याच्याबद्दल लिहिताना ही काळजी घेणं हाच त्याचा खरा मान.

हे सगळं शाळेपुरतं आहे असं वाटत असेल तर अलीकडच्या दोन तारखा आठवाव्यात. पहिली, २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो अशी बातमी सकाळी पसरली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांसमोर रांगा लागल्या. चमच्यातलं दूध कमी होत होतं, हे अगदी खरं होतं. लोकांचे डोळे खोटं सांगत नव्हते. दूध कमी झालं हे निरीक्षण, गणपतीने प्यायलं हे अनुमान. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीला लावलं, तेव्हा रंगीत दुधाचा पातळ थर मूर्तीवरून खाली उतरताना दिसला. श्रद्धेला हात न लावता केलेली ती साधी चाचणी होती. त्या दिवशी कुणाचं फारसं नुकसान झालं नाही, थोडं दूध गेलं एवढंच.

दुसरी तारीख १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा मोबाइलवर फिरत होत्या. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला रविवारचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. भिक्षेवर पोट भरणारी ती माणसं. त्यांतला एक जण एका लहान मुलीशी बोलताना लोकांना दिसला, असं सांगतात. दिसलं ते एवढंच. अनोळखी माणसं, आणि लहान मुलीशी बोलणं. बाकीचं जमावाने मनाने जोडलं. त्या पाचही जणांना मरेपर्यंत मारलं. ‘तुम्ही नेमकं काय पाहिलंत?’ हा एक प्रश्न त्या गर्दीत चार जणांनी जरी मोठ्याने विचारला असता, तरी कदाचित पाच घरं उघड्यावर पडली नसती.

म्हणून ही रेघ मारायची सवय लहानपणीच लागायला हवी, आणि ती लावायचं काम एकट्या शाळेवर टाकून चालणार नाही. घरात त्यासाठी रोज संधी मिळते. मूल शाळेतून येऊन म्हणतं, ‘बाईंचा माझ्यावर राग आहे.’ त्याला गप्प करू नये आणि लगेच बाईंना दोषही देऊ नये. विचारावं, ‘काय झालं ते सांग.’ मग कळतं, की त्याने हात वर केला होता आणि बाईंनी दुसऱ्याला विचारलं. एवढं घडलं. राग आहे, हे वाटलं. कदाचित असेलही. पण बाईंनी त्याचा हात पाहिलाच नसेल, किंवा काल त्याला विचारलं म्हणून आज दुसऱ्याला विचारलं असेल. एका निरीक्षणातून तीन अनुमानं निघू शकतात, हे मुलाला उमगलं की त्याचं त्यालाच हलकं वाटतं. शेजारच्या घरी रात्री दिवा उशिरापर्यंत जळतो, सून माहेरी जाऊन महिना झाला, अमक्याने नवी गाडी घेतली, अशा गोष्टींवर मोठ्यांच्या गप्पा रंगतात, त्यांनाही हाच नियम लावला तर कितीतरी मनं दुखवायची वाचतील.

आणि दवाखान्यात तर ही सवय जीव वाचवू शकते. घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत दुखायला लागतं. घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय’, ‘गॅसेस धरलेत’, आणि सोडा किंवा ओवा देऊन झोपवतात. पित्त हे अनुमान झालं. ते बरोबरही असेल, पण हृदयविकाराचा झटकाही पुष्कळदा असाच पित्तासारखा वाटतो, आणि तिथे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. अशा वेळी वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांपुढे आपलं निदान मांडू नये. दिसलं आणि जाणवलं तेवढंच सांगावं. दुखायला किती वाजता लागलं, कुठे दुखतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते का, घाम आला का, दम लागतो का. अनुमान काढायचं काम त्यांचं, आणि त्यांना ते नीट करता यावं म्हणून निरीक्षण द्यायचं काम आपलं.

एका गोष्टीची मात्र तयारी ठेवायला हवी. रेघ मारायला शिकलेलं मूल ती मोठ्यांच्या बोलण्यावरही मारतं. आजी सांगते, मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं. नात विचारते, ‘आणि मांजर आडवं गेलं तरी काम झालं, असं किती वेळा झालं, आजी?’ बाबा म्हणतात, त्या जातीची, त्या गावची माणसं तसलीच. मुलगा विचारतो, ‘बाबा, तुम्ही त्यातली किती माणसं पाहिलीत?’ असा प्रश्न आला की पहिली प्रतिक्रिया ‘उलट बोलतोस?’ अशीच होते. ती गिळावी. ‘दोन पाहिलीत’ असं खरं उत्तर द्यावं, आणि दोनांवरून सगळ्यांचं ठरवता येईल का, ते मुलालाच विचारावं.